मामंजींची चिमूट

त्या वर्षी पावसानं टेकडीकडे पाठ फिरवली आणि खडकमुळी करंगळीएवढी निघू लागली. एरवी ती अंगठ्याएवढी जाड असायची. वरची काळपट साल नखानं सोलली की आत पिवळा गर. यंदा साल सोलून झाली की हातात उरायचं ते फक्त सोलल्याचं समाधान.

"यंदा सालीसकट वाटायची," नवरा पहारीवर रेलून म्हणाला. "साल काय दुसऱ्या झाडाची असते?"

"मग आजवर का सोलत होतो?" सुनेनं विचारलं. ती त्याच्यामागून टोपली घेऊन मुळ्या वेचत होती.

"आजवर परवडत होतं."

वर कपारीत मामंजी, म्हणजे तिचे सासरे, उकिडवे बसून खणत होते. खणताना ते खडकाशी बोलत. खडक उलट उत्तर देत नसे, त्यामुळे घरच्यांपेक्षा त्यांचं खडकाशी जास्त जमे. ऊन माथ्यावर आलं होतं. पहारीचा घाव बसला की दगडातून धूर निघावा तशी धूळ उठायची आणि घामावर बसून अंगाला खाज सुटायची. दिवसभर खणून टोपलीचा तळ जेमतेम झाकला.

त्या घराला सगळे मुळीवाले म्हणत. गुडघा, कंबर, खांदा, वयानं जे जे कुरकुरू लागतं त्यावर मुळीवाल्यांची चिमूटभर पूड, सकाळी अनशापोटी. घरात कामाची वाटणी पक्की होती. खणायचं पुरुषांनी, सोलायचं-वाटायचं बायकांनी. पुरुषानं वरवंट्याला हात लावायचा नाही, बाईनं पहारीला. असं का, ते कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मामंजींनी तिथल्या तिथे कारण तयार केलं असतं.

पुडी हातात देताना मामंजींचं एक वाक्य ठरलेलं असे. "मला बघा." आणि लोक बघत. या वयात टेकडी चढणारा, काठी न धरणारा माणूस स्वतः रोज तीच पूड घेतो म्हटल्यावर आणखी कसला पुरावा पाहिजे? सगळ्या धंद्याचा पुरावा म्हणजे मामंजी, आणि तो पुरावा रोज सकाळी ओट्यावर बसून खळखळून चूळ भरताना कुणालाही पाहता येई.

*

कॉलेजातून औषधी मुळ्यांचा अभ्यास करायला एक बाई आली ती तापलेल्या दुपारी. खांद्याला पिशवी, पिशवीत रिकाम्या काचेच्या बरण्या. संध्याकाळपर्यंत तिचं नाव बरणीवाली पडलं होतं.

तिला पाहून नवऱ्यानं चटकन खुर्ची पुसली. त्याला अलीकडे एक व्यापारी भेटला होता. पूड कॅप्सुलात भरून शहरात पाठवू म्हणत होता, आणि डबीवर शास्त्राचं काहीतरी छापलेलं असलं तर बरं, असंही म्हणत होता.

"या मुळीवर शास्त्रीय काम झालंय ना कुठं?" नवऱ्यानं विचारलं.

"थोडं झालंय. काचेच्या बशीत पेशींवर झालंय. आणि उंदरांवर."

"उंदरांचे गुडघे बरे झाले?"

"त्यांचे पंजे मुद्दाम सुजवले होते. सूज थोडी उतरली."

"झालं तर मग."

"माणसांवर कुणी तपासलेली नाही," बरणीवाली म्हणाली. "किती घेतली तर चालते, किती महिने, यकृतावर काय होतं, दुसऱ्या गोळ्यांबरोबर घेतली तर काय होतं, यातलं काही माहीत नाही. म्हणजे वाईट आहे असं नव्हे. माहीत नाही, एवढंच."

मामंजी तिच्याकडे कौतुकानं बघत होते. एवढं शिकून माहीत नाही म्हणायला येतं म्हणजे पोरगी प्रामाणिक असावी, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

"आमच्याकडून नेलेल्यांतलं कुणी तक्रार घेऊन आलं नाही," ते म्हणाले.

"जे परतच आले नाहीत ते?"

"ते बरे झाले. बरा झालेला माणूस कशाला परत येईल?"

"आणि जे परत येतात ते?"

"त्यांना गुण येतो म्हणून येतात."

बरणीवालीचं पेन थांबलं. "म्हणजे दोन्हीकडून तुमचाच विजय."

"तसं म्हणा," मामंजी म्हणाले. त्यांना ते आवडलं.

"सगळ्यात जास्त वर्षं कोण घेतंय?"

"मी. लग्न झाल्यापासून रोज. सूनबाई, माझी डबी आण गं."

सुनेनं आतून पितळेची डबी आणली. मामंजींनी चिमूट भरली, डोळे मिटून जिभेवर टाकली, पाण्याचा घोट घेतला आणि कडू तोंड करून छाती पुढे काढली. बरणीवालीनं त्यांची खालची पापणी ओढून डोळ्यांत पाहिलं. डोळे शुभ्र. तिनं लिहून घेतलं.

"एका माणसावरून काही ठरत नाही," ती म्हणाली. "पण इतकी वर्षं घेऊन काही झालं नाही, हे नोंदवण्यासारखं आहे."

दाराच्या चौकटीला टेकून उभी असलेली सून पुढे आली आणि तिनं डबी घाईघाईनं उचलून पदराआड घेतली.

कारण त्या डबीत सुंठ होती. सुंठ आणि भाजलेली मेथी, रंग यावा म्हणून जराशी करपवलेली. सासूबाई शेवटच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळल्या तेव्हा किल्ल्यांबरोबर ही डबी त्यांनी सुनेच्या हातात दिली होती. "यांना मुळी सोसत नाही गं," त्या पुटपुटल्या होत्या. "लग्नानंतर लगेच दिली, तर ओकून ओकून अर्धे झाले. त्यांना वाटलं, लग्नातलं जेवण बाधलं. तेव्हापासून मी ही डबी वेगळी ठेवते. सांगू नकोस. जगात त्यांना तेवढाच एक मान आहे." सुनेनं सांगितलं नव्हतं. मीठ, साखर, चहा तशीच ही एक डबी, संपत आली की भरून ठेवायची. ती कुणाच्या वहीत पुरावा म्हणून जाईल, असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

बरणीवालीनं एका बरणीत गेल्या वर्षीची सोललेली मुळी भरली, एकीत यंदाची सालीसकट. जाताना सुनेला बाजूला घेऊन म्हणाली, "कुणाला मळमळ, अंगाला खाज, लघवी गडद, डोळे पिवळे, असं काही झालं तर आधी ही बंद करायची आणि डॉक्टरला सांगायचं काय घेत होतो ते. आणि मला फोन करायचा."

सुनेनं मान हलवली. तोंड उघडलं होतं तिनं. पण नवरा मागेच उभा होता, बाईच्या बरण्या गाडीपर्यंत पोचवायला.

*

मग शिंपी पिवळा पडला.

शिंप्याची बायको भर उन्हात धापा टाकत आली आणि ओट्याच्या कडेला बसली. शिंपी दिवसभर पायानं मशीन चालवायचा, गुडघे धरायचे, म्हणून यंदाची नवी पूड सकाळ-संध्याकाळ घेत होता. आधी अन्न नकोसं झालं. मग अंग खाजवून खाजवून सोललं. काल डोळे हळदीसारखे दिसायला लागले तेव्हा त्याला मोठ्या दवाखान्यात नेऊन टाकलं होतं.

"डॉक्टर विचारत होते, बाहेरचं काही घेता का म्हणून," ती म्हणाली. "आम्ही नाही म्हणालो. तुमचं नाव कशाला मध्ये आणायचं?"

"शहाण्यासारखं केलंत," मामंजी म्हणाले. "कावीळ पाण्यातून येते. यंदा पाणीच तसं आहे. आता मुळी दुप्पट करा."

"दवाखान्यात?"

"पदराआड न्यायची. डॉक्टरला कशाला त्रास?"

सून उंबऱ्यात आली. "मामंजी, ती बाई म्हणाली होती, डोळे पिवळे झाले तर आधी बंद करायची."

"ती उंदरांची डॉक्टर आहे."

"पण साल..."

"सूनबाई." मामंजींनी आवाज चढवला नाही. त्यांना त्याची गरज कधी पडत नसे. "मी घेतो ना रोज? मला काही झालं? बाई, तुम्हीच बघा माझ्याकडे."

शिंप्याच्या बायकोनं बघितलं. तिच्या तोंडावर जरा धीर आला. सुनेला तो धीर बघवला नाही. "आत जा, पुडी बांध चांगली मोठी," मामंजी म्हणाले.

आत फळीवर दोन डबे होते. मोठ्या पत्र्याच्या डब्यात मुळी, सालीसकट वाटलेली, नाकाशी नेली तर शिंक यावी अशी उग्र. शेजारी पितळेची छोटी डबी. बाहेर मामंजी पाण्याचे रोग समजावून सांगत होते. सुनेनं कागद उलगडला, पितळेची डबी त्यावर उपडी केली आणि पुडीला दोरा तीनदा गुंडाळला.

पुडी देऊन ती आत वळली तर नवरा रिकाम्या डबीकडे बघत उभा.

"बाबांची डबी कशी रिकामी?"

मग सगळंच बाहेर आलं. दबक्या आवाजात, भांडी घासायच्या आवाजाआड. नवरा ऐकत ऐकत पोत्यावर बसला. आईनं बापाला आयुष्यभर सुंठ चारली, ही गोष्ट पचायला त्याला जरा वेळ लागला.

"म्हणजे बाबांनी मुळी खाल्लीच नाही?"

"एकदा. ओकले."

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"सासूबाईंना होतं."

"तिच्याकडून फुटायचं नाही," नवरा म्हणाला. "तुझ्याकडूनही नको. व्यापाऱ्याला मी शब्द दिलाय. शेत असं नाही आपल्याला. या टेकडीवर चूल पेटते आपली."

"आणि शिंपी?"

"त्याला सुंठ दिलीस ना? सुंठीनं कोण मेलंय?"

"डॉक्टरांना सांगायला नको? तो आधी काय घेत होता ते?"

"डॉक्टर शिकलेला आहे. शोधू दे त्याला."

ती गप्प बसली. गप्प बसायला सोयीचं कारण होतं. विष बंद झालं होतं, निदान तिला वाटत होतं ते विष होतं, आणि कुणाचा मानही गेला नव्हता. फक्त दारात पाऊल वाजलं की तिचा हात वरवंट्यावरच थांबे. शिंप्याच्या बंद दुकानावरून पाणी आणायला जाताना ती घागर उगाच दुसऱ्या कमरेवर घेई, म्हणजे मान तिकडे वळायला नको. रोज शिंप्याच्या बायकोसाठी नवी पुडी जायची, आणि रोज ती मेथी करपवायची. घरभर करपट वास भरून राहिला. मामंजी म्हणाले, यंदाच्या मुळीला वास चांगला आहे.

*

शिंपी बरा झाला. डोळे निवळले, भूक लागली, दवाखान्याच्या खाटेवर बसून तो नर्सच्या झग्याची शिवण कशी चुकली आहे ते सांगू लागला. बायको सांगायला आली तेव्हा तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"डॉक्टर म्हणतात आपोआप उतरली," ती म्हणाली. "आपोआप कशी उतरेल? आम्हाला माहीत आहे ना काय दिलं ते."

सुनेला वाटलं, आता सुटले. घागरभर श्वास तिनं एकदम सोडला. पण मामंजी ओट्यावरून उठले होते, आणि त्यांचा चेहरा पाहून तो श्वास तिला परत घ्यावा लागला.

"म्हणजे काविळीवरही चालते," मामंजी म्हणाले.

चार दिवसांत ही बातमी सगळीकडे झाली. मुळीवाल्याच्या दारात पिवळे लोक येऊ लागले. व्यापारी स्वतः आला, त्यानं हंगामभर साठवलेल्या पोत्यांत हात घालून पाहिलं, म्हणाला, गुडघ्यांपेक्षा काविळीला उठाव जास्त. डबीवर पिवळा रंग टाकू. नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं नाही. तो म्हणाला, "वाट. जेवढी आहे तेवढी सगळी वाट."

"शिंपी सुंठीवर बरा झाला."

"शिंपी मुळीवाल्याच्या पुडीवर बरा झाला," नवरा म्हणाला. "पुडीत काय होतं ते तू जाणे."

ती वरवंटा फिरवत राहिली. दंड भरून आले, सालीची धूळ घशात बसून खोकला थांबेना. मग तिच्या ध्यानात आलं की हे सगळं तिनंच केलंय. तिनं शिंप्याला वाचवलं, तर ते मुळीच्या नावावर जमा झालं. आता येणाऱ्या प्रत्येकाला चोरून सुंठ द्यायची म्हटली तर डबी पुरणार नव्हती, आणि पुरली असती तरी प्रत्येक बरा झालेला माणूस आणखी दहा जणांना घेऊन आला असता. व्यापारी पोती उचलून नेणार होता. त्या पोत्यांत ती किती मेथी करपवून टाकणार?

दोघे बापलेक टेकडीवर गेले तेव्हा घरात राहिलेल्या फोनवरून तिनं बरणीवालीला फोन लावला.

"उद्या याल का?" ती म्हणाली. "तुम्ही जे लिहून घेतलंत ते चुकलंय."

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच अंगण भरलं होतं. व्यापाऱ्याचा टेम्पो दारात. शिंप्याची बायको साक्षीदार म्हणून मानानं ओट्यावर. आणि बैलगाडीत गोधडीवर लोहाराची सून पडलेली, कुशीत तान्हं. बाळ रडत होतं आणि आईला त्याला थोपटायचंही बळ नव्हतं. तिचे डोळे शिंप्याच्यापेक्षा पिवळे होते. लोहार गाडीचा कठडा धरून उभा. एरवी घण उचलणारे ते हात नुसतेच कठड्यावरून फिरत होते.

"दवाखाना लांब आहे," तो मामंजींना म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसं. शिंप्याचं ऐकलं म्हणून इकडे वळवली गाडी."

"चांगलं केलंस. सूनबाई, पुडी आण. मोठी."

बरणीवाली तेवढ्यात फाटकातून आत शिरली. "हिला आधी दवाखान्यात न्या," ती म्हणाली.

"तुमच्या बरण्यांत काय निघालं?" मामंजींनी विचारलं.

"तपासणी अजून चालू आहे. सालीत गरापेक्षा वेगळं काहीतरी दिसतंय. ते काय करतं, माहीत नाही."

"माहीत नाही," मामंजींनी अंगणभर नजर फिरवून शांतपणे म्हटलं. कुणीतरी हसलं. "मला मात्र माहीत आहे. इतकी वर्षं रोज घेतोय. लोहारा, मला बघ."

लोहार बघत होता. मुळीवाल्यांची सून आतून आली. तिच्या हातात पुडी नव्हती. पत्र्याच्या डब्यातली पूड तिनं बशीत काढली होती.

"मामंजी, आधी तुम्ही घ्या," ती म्हणाली. "म्हणजे लोकांना धीर येईल."

नवरा एक पाऊल पुढे आला. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि तो तिथेच थांबला. सगळ्यांसमोर काय म्हणून अडवायचं, ते त्याला सुचलं नाही.

"नुसती जिभेवर ठेवा," ती हळूच मामंजींना म्हणाली. "गिळू नका."

मामंजींना ते ऐकू आलं नसावं, किंवा त्यांनी मनावर घेतलं नसावं. त्यांनी नेहमीसारखी चिमूट भरली, डोळे मिटले, जिभेवर टाकली. आणि त्यांचं सगळं तोंड आवळलं. ते वाकले, अंगणाच्या मातीत थुंकले, पुन्हा थुंकले, डोळ्यांतून पाणी काढत धोतराच्या सोग्यानं जीभ पुसू लागले.

"हे काय आहे?" ते ओरडले. "ही आपली नाही. कुणी भेसळ केली यात?"



"ही खडकमुळी आहे, मामंजी," सून म्हणाली. "तुम्ही रोज घेता ती सुंठ आहे. सासूबाई देत होत्या, मग मी. तुम्हाला मुळी सोसत नाही."

धोतराचा सोगा मामंजींच्या हातात तसाच होता.

सून शिंप्याच्या बायकोकडे वळली. "काकू, तुमच्या पुडीतही सुंठच होती. दवाखान्यात नेलेल्या पहिल्या पुडीपासून. मुळी बंद झाली तेव्हा तुमच्या माणसाचे डोळे निवळले."

शिंप्याची बायको ओट्यावरून उतरून खाली उभी राहिली. मान घेऊन बसण्याची जागा राहिली नव्हती.

"म्हणजे मुळीनंच झालं होतं?" लोहारानं बरणीवालीला विचारलं.

"एका माणसावरून सिद्ध होत नाही," ती म्हणाली. "पण थांबायला एवढं पुरे आहे."

लोहारानं पुढचं ऐकलं नाही. त्यानं बैलांच्या कासऱ्याला हात घातला, तोच बरणीवाली म्हणाली, बैलांनी उशीर होईल. मग सगळ्यांनी टेम्पोकडे पाहिलं. व्यापाऱ्यानंही पाहिलं. पोती घ्यायला आणलेल्या टेम्पोत गोधडी अंथरली गेली आणि लोहाराची सून बाळासकट चढवली गेली. शिंप्याची बायको शेजारी बसली. डॉक्टरांना आपण काय लपवलं होतं, ते आता तिलाच सांगायचं होतं. व्यापारी पुढे ड्रायव्हरजवळ बसताना पोत्यांबद्दल नवऱ्याला म्हणाला, "नंतर बघू." त्याचा अर्थ नवऱ्याला कळला. तो मुकाट्यानं पोती उचलून परत घरात नेऊ लागला. एकेक, पाठीवर घेऊन, बायकोच्या अंगावरून, तिला धक्का बसणार नाही आणि तिच्याशी बोलावं लागणार नाही, अशा बेतानं.

बरणीवालीनं ओट्यावर बसून वही काढली आणि मामंजींच्या नावापुढची ओळ खोडली.

"सुंठीचं लिहू का?" तिनं विचारलं.



*

तिसऱ्या दिवशी निरोप आला. लोहाराची सून शुद्धीवर होती, डोळे अजून पिवळे, पण बाळाला जवळ घेत होती. तिनं मुळी घेतलीच नव्हती. तिला पाण्याचीच कावीळ झाली होती. शिंप्याच्या कागदावर डॉक्टरांनी मुळीचं नाव लिहून घेतलं होतं आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं.

नवरा पहाटेच खडी फोडायच्या कामावर गेला होता. जाताना पहार घेऊन गेला. पहार तीच, खडक दुसरा.

मामंजी ओट्यावर बसले होते. या दोन दिवसांत ते कुणाशी बोलले नव्हते, आणि कुणी येऊन त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं. त्यांनी चूळ भरली, पण खळखळून नाही. सून चहा ठेवून आत वळली.

"माझी चिमूट?" मामंजी म्हणाले.

ती थांबली. "कुठली देऊ?"

त्यांनी टेकडीकडे पाहिलं.

"तीच," ते म्हणाले. "सोसते ती."

तिनं पितळेची डबी आणून समोर ठेवली. मामंजींनी झाकण उघडून आयुष्यात पहिल्यांदाच वास घेतला.

"तुझ्या सासूनं कधी कळू दिलं नाही."

"नाही."

"म्हणजे माझे गुडघे इतकी वर्षं सुंठीनं सांभाळलेत."

"काय सांगावं, मामंजी," सून म्हणाली. "त्याचीही अजून तपासणी झालेली नाही."

मामंजींनी चिमूट तोंडात टाकली, पाणी प्याले आणि उठायला म्हणून पाय सरळ केला. गुडघा कट्कन वाजला. दोघांनीही ते न ऐकल्यासारखं केलं.